तिसरा दिवस

मराठी मुलखात घरातले माणूस गेले की तिसऱ्या दिवशी सकाळी आप्तस्वकीय पुन्हा स्मशानाची वाट धरतात. चिता निवालेली असते. राखेवर पाणी शिंपडायचे, थोडे दूध शिंपडायचे, आणि वाकून अस्थी वेचायच्या. या कृतीला मराठीने ‘सावडणे’ हा शब्द दिला आहे. तो उच्चारताना आवाज आपोआप खाली येतो. परवापर्यंत ज्याला नाव होते, हाक मारली की जे ओ देत होते, त्यातले मडक्यात मावेल एवढेच उरते. आणि ते उरलेलेही नदीच्या स्वाधीन करण्यासाठीच गोळा करायचे असते.

येरुशलेमच्या वेशीबाहेर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी काही स्त्रिया अशाच एका तिसऱ्या दिवशी पहाटे निघाल्या होत्या. चिता त्यांच्या रीतीत नव्हती. खडकात खोदलेली कबर होती. शुक्रवारी दिवस मावळण्याच्या आत घाईघाईने प्रेत आत ठेवले गेले. शनिवार शब्बाथाचा, कोणतेही काम न करण्याचा. त्यामुळे देहाला सुगंधी द्रव्ये लावण्याचे शेवटचे काम राहून गेले होते. (शुक्रवार ते रविवार हा तिसरा दिवस होतो तो दोन्ही टोकांचे दिवस धरल्यामुळे; घड्याळाच्या तासांनी मोजू गेल्यास तो भरत नाही. सुतकाचे दिवस मोजणाऱ्या मराठी घराला मात्र ही मोजणी समजावून सांगावी लागत नाही.) त्या स्त्रिया चमत्कार पाहायला निघाल्या नव्हत्या. वाटेत त्यांना चिंता होती ती दारावरची धोंड कोण लोटील, एवढीच. सरळ मराठीत सांगायचे तर त्या सावडायला निघाल्या होत्या. आणि तिथे सावडण्याजोगे काही नव्हते.

यापुढे काय झाले याविषयी चार शुभवर्तमाने चार तऱ्हांनी बोलतात. पण त्यांतल्या सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट विलक्षण आहे. चौथ्या शतकातील ज्या दोन थोर हस्तलिखितांवर, सिनाईच्या आणि व्हॅटिकनच्या प्रतींवर, अभ्यासक भिस्त ठेवतात, त्या दोन्हींत ही कथा स्त्रियांच्या पळून जाण्यापाशी तुटते. त्या थरथरत पळाल्या आणि भयामुळे त्यांनी कोणाला काही सांगितले नाही. पुढची बारा वचने नंतर कोणीतरी जोडली, बहुधा हा शेवट सोसवला नाही म्हणून. संहितेच्या दृष्टीने ती जोड आहे. मनुष्यस्वभावाच्या दृष्टीने ती समजण्यासारखी आहे. तरीही असे म्हणावेसे वाटते की मूळ शेवट अधिक खरा आहे. मृत्यूचा नियम सर्वांना पाठ असतो. तो नियमच मोडला असे कळले तर माणसाला आनंद व्हायच्या आधी भीतीच वाटेल. ईस्टरच्या प्रवचनांत ही भीती क्वचितच ऐकू येते, आणि त्यामुळे त्या प्रवचनांतला आनंदही पुष्कळदा हलका वाटतो.

मराठी वाचकाची अडचण मात्र याच्याही अलीकडची, शब्दाचीच आहे. ‘पुनरुत्थान’ म्हटले की कानाला शेजारी ‘पुनर्जन्म’ ऐकू येतो. दोहोंतला ‘पुनर्’ सारखा असल्यामुळे एक दुसऱ्याचाच प्रकार असावा असा समज होतो. वास्तविक या दोन कल्पनांची तोंडे विरुद्ध दिशांना आहेत. पुनर्जन्मात देह बदलतो आणि फेरा चालू राहतो. पुनरुत्थानात तोच देह, तेच नाव, तोच चेहरा घेऊन माणूस उभा राहतो आणि फेरा असा काही उरतच नाही. गोव्याच्या कोंकणीत ख्रिस्ती समाज ‘पुनर्जिवंतपण’ म्हणतो. तो शब्द बोजड असला तरी अधिक प्रामाणिक आहे. ग्रीक मूळ मात्र अगदी साधे आहे: झोपलेले माणूस उठते तसे उठणे. मराठीत ‘उठणे’ हे क्रियापद या कामी लावू गेल्यास एक गंमत होते. मराठीत पंगत उठते, बाजार उठतो, मन उठते. म्हणजे संपते, मोडते, विटते. आणि माणूस दुखण्यातून उठतो, म्हणजे वाचतो. एकाच क्रियापदात समाप्ती आणि आरंभ दोन्ही सांभाळणाऱ्या या भाषेला ती कथा वाटते तितकी परकी नसावी.

आणखी एक घोटाळा दूर करायला हवा. लाजरला येशूने कबरेतून बाहेर बोलावले ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. परंतु लाजर परत आला तो याच आयुष्यात, पुन्हा एकदा मरण्यासाठी. त्याला फक्त मुदत मिळाली. ख्रिस्ती श्रद्धा ज्याला पुनरुत्थान म्हणते त्यात परत येणे नाही. पलीकडे जाणे आहे, आणि तेही देहाला मागे न टाकता. विसाव्या शतकाच्या मध्यास ऑस्कर कुलमान या पंडिताने सॉक्रेटिसाचा मृत्यू आणि येशूचा मृत्यू यांची तुलना करून हाच मुद्दा मांडला. सॉक्रेटिस शांतपणे विषाचा पेला घेतो, कारण त्याच्या मते आत्मा अमर आहे आणि देह हे बंदिगृह आहे. येशू मात्र गेथशेमाने बागेत व्याकूळ होतो, घामाघूम होतो, हा पेला टळावा म्हणून विनवणी करतो. लाजरच्या कबरेपाशी तर तो रडतो. ज्याच्या लेखी मृत्यू केवळ वस्त्र बदलण्यासारखा आहे तो असा रडणार नाही. भारतीय परंपरेने देहाला वस्त्राची उपमा देऊन शोकाला आवर घातला, आणि त्या समजुतीने या देशातील कोट्यवधी माणसांना धीर दिला, हे खरेच आहे. ख्रिस्ती श्रद्धेने तो धीर घेतला नाही. मृत्यू हा वैरी आहे आणि तो खरा आहे, असे पौल करिंथकरांना लिहितो; आणि लगेच बी पेरण्याचे उदाहरण देतो. पेरलेला दाणा मेला नाही तर उगवत नाही. उपमा शेतकऱ्याची आहे. तिच्यात धीरापेक्षा वाट पाहणे अधिक आहे.

ही कथा मराठीत प्रथम मोठ्या प्रमाणावर आली ती ओवीतून. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातला थॉमस स्टीफन्स हा जेझुइट 1579 साली गोव्यात उतरला आणि 1619 साली तिथेच निवर्तला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये साष्टीतल्या रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या. मराठीवरील त्याच्या प्रेमाचे कौतुक आजवर पुष्कळ झाले आहे आणि ते रास्तही आहे. पण हे पुराण कोणत्या जमिनीत उगवले तेही पाहिले पाहिजे. 1567 मध्ये त्याच साष्टीत देवळे पाडली गेली होती. जुन्या पोथ्यांचे वाचन बंद पाडले गेले होते. नवख्रिस्तींना ऐकायला पुराण उरले नव्हते, आणि ऐकण्याची सवय काही मेली नव्हती. त्यांच्या त्या भुकेतून स्टीफन्सला आपला ग्रंथ सुचला. म्हणजे ज्यांनी पुराण पुरले त्यांच्यापैकीच एकाच्या हातून ते नव्या देहाने उठले. या उठण्यात अपराध आणि प्रेम इतके एकजीव झाले आहेत की एकाचा निवाडा करताना दुसऱ्याला बाजूला काढता येत नाही.

पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषाच बोलण्यातून हटवण्याचे फर्मान काढले. क्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकात तीन छापील आवृत्त्या निघाल्या, परंतु त्यांतली एकही प्रत आज हाती असल्याचे ज्ञात नाही. ग्रंथ टिकला तो हाताने उतरवलेल्या पोथ्यांत आणि उपवासकाळात चर्चमध्ये व घरांत गाणाऱ्यांच्या गळ्यात. 1907 साली मंगळूरला सलडाणा यांनी हस्तलिखितांवरून तो पुन्हा छापला. 1956 साली शांताराम बंडेलू यांनी तो पुण्याहून देवनागरीत आणला. ग्रंथांच्या इतिहासातही रिकामी कबर असते, ती अशी.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न घराच्या उंबऱ्याशी आला. धर्मशास्त्रात पतिताला जातीबाहेर टाकण्याचा एक विधी सांगितला आहे: पाण्याने भरलेला घट लवंडून द्यायचा आणि तो माणूस मेला असे धरायचे. त्याचे नाव घटस्फोट. आज मराठीत हा शब्द केवळ काडीमोडासाठी उरला आहे. त्यातला मृत्यू लोक विसरले आहेत. एखादा तरुण ख्रिस्ती झाला की त्याच्या जिवंतपणी घरचे त्याच्या नावाने स्नान करीत. आई त्याला गेलेला समजे. आता बाप्तिस्म्याचा अर्थ काय? पौलाच्या रोमकरांस पत्रात तो स्पष्ट आहे: पाण्यात उतरणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणे, वर येणे म्हणजे त्याच्याबरोबर उठणे. एकाच दिवशी एकाच माणसाला घर आणि देऊळ दोघेही मृत घोषित करीत होते, दोघेही पाण्यानेच. नदीकाठचा घट लवंडत होता आणि प्रार्थनामंदिरातला कुंड भरलेला होता. फरक एवढाच की दुसऱ्या बाजूला उठण्याची तरतूद होती. जे मागे राहिले त्यांच्यासाठी मात्र कोणाचीच तरतूद नव्हती.

मागे राहिलेल्यांत लक्ष्मीबाई टिळक होत्या. 10 फेब्रुवारी 1895 रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना पती जिवंत होता आणि नव्हताही. कुंकू होते आणि संसार नव्हता. ही जवळजवळ पाच वर्षे ‘स्मृतिचित्रे’मध्ये ज्या रीतीने आली आहेत ती रीत मराठी गद्याचे भाग्य म्हणावी अशी आहे. आक्रोश आहे, पण तो टिकत नाही. मधेच कुठेतरी स्वतःचीच फजिती दिसते आणि बाई हसतात. सोवळ्याओवळ्याचा पीळ त्यांच्या मनातून कसा सुटला हे सांगताना त्या एकदाही तत्त्वज्ञान सांगत नाहीत. पाणी कोणाच्या हातचे प्यायचे, एवढ्याशा प्रश्नाभोवती त्यांचे जुने जग मरते. 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. टीकाकारांनी या पुस्तकातला विनोद वाखाणला. तो विनोद म्हणजे मरून उठलेल्या माणसाचा विनोद आहे, याची दखल फारशी घेतली गेली नाही.

1918 सालच्या मे महिन्यात, ज्याला या दांपत्याने घरचे मूल मानले होते ते बालकवी ठोंबरे भादलीजवळ रेल्वेखाली गेले. बरोबर एक वर्ष आणि चार दिवसांनी, 9 मे 1919 रोजी, टिळक गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य आरंभीच्या अध्यायांपाशीच थांबले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. ज्यांना कधी शाळा अशी मिळाली नव्हती, ज्यांना लिहिता-वाचता आले ते नवऱ्याच्या लहरी शिकवण्यातून. एखाददुसरा अध्याय नव्हे, साठांहून अधिक अध्याय त्यांनी रचले. टिळकांच्या प्रतिभेशी तुलना करून त्या अध्यायांत डावे काढणे सोपे आहे आणि ते फारसे चूकही नाही. परंतु क्रूसाकडे जाणारी वाट एका विधवेने आपल्या गेलेल्या पतीच्या अर्धवट वहीत लिहिली, ही गोष्ट काव्यगुणांच्या तराजूत मावत नाही. लक्ष्मीबाई 1936 साली गेल्या, आणि ‘स्मृतिचित्रे’ची राहिलेली अखेर त्यांचे चिरंजीव देवदत्त यांना लिहावी लागली. त्या घरात प्रत्येक पुस्तकाने आपल्या लेखकाचा मृत्यू ओलांडलेला दिसतो.

पंडिता रमाबाईंच्या वाट्याला मृत्यू याहून उघडा आला. 1874च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात आधी वडील गेले, मग काही महिन्यांत आई. आईला खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोघा ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी सोळा वर्षांची रमा. तिची उंची इतरांच्या खांद्याला पुरेना, म्हणून तिरडीची ती बाजू तिने डोक्यावर घेतली. त्यानंतर बहीण, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी. 1883 साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा कडेवर मनोरमा होती आणि मागे स्मशानांची एक रांग होती.

त्यांच्या धर्मांतराविषयी महाराष्ट्राने जो वाद घातला त्यात या रांगेचा उल्लेख कमीच आढळतो. त्यांना शास्त्रार्थाने जिंकले की मिशनऱ्यांनी भुलवले, याचीच चर्चा झाली. खरे उत्तर पुढे केडगावात मिळते. 1896–97च्या आणि त्यानंतर 1900च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात आणि गुजरातेकडे वळल्या, आणि उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या मुली शेकड्यांनी ‘मुक्ती’त आल्या. हा दुष्काळ त्यांनी बाहेरून पाहिला नव्हता. ज्या तिरडीला चौथा खांदा मिळाला नव्हता तिच्यासाठीच जणू हे दार उघडले गेले. रमाबाईंना पुनरुत्थानाचा अर्थ विचारला असता तर त्यांनी बहुधा पौलाचे वचन सांगितले असते; त्यांचे आचरण मात्र याहून सोपे काही सांगत होते. त्या मुलींना आधी पेज दिली गेली, मग अक्षरे शिकवली गेली, मग छापखान्यात खिळे जुळवायला बसवले गेले. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून बायबलचे मराठी भाषांतर करू लागल्या. ते छापले त्याच मुलींच्या हातांनी.

1921 साली मनोरमा गेली. आयुष्यभरात उरलेले ते एकच रक्ताचे माणूस होते, आणि आईच्या कामाचा वारसा तिच्याच हाती जायचा होता. रमाबाईंनी भाषांतर सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या निवर्तल्या. शेवटची मुद्रिते तपासून होताच त्या गेल्या, असे सांगितले जाते. संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर पडले. त्या भाषांतराची भाषा ओबडधोबड आहे, बुद्ध्याच तशी ठेवलेली. गरीब, अर्धशिक्षित बाईला ती कळावी आणि मूर्तिपूजेचा वास असलेला एकही संस्कृत शब्द आत येऊ नये, असा त्यांचा हट्ट होता. वाङ्मयदृष्ट्या हा हट्ट महागात पडला. ज्या पंडितेला कोलकात्याने ‘सरस्वती’ म्हटले तिने आपले संस्कृत स्वहस्ते पुरले, आणि ते उठले नाही. श्रद्धेपायी माणूस काय काय मरू देतो याचा हिशेब मांडताना ही नोंद टाळता येणार नाही.

योहानच्या शुभवर्तमानात उठलेला ख्रिस्त थोमाला आपले घाव दाखवतो. ही तपशिलाची गोष्ट नव्हे. नवा देह मिळाला, बंद दारांतून तो आत येतो, तरी खिळ्यांचे व्रण तसेच आहेत. ते बुजवणे अशक्य होते असे नाही. ते बुजवले गेले नाहीत. ख्रिस्ती कलेत आणि उपासनेत हे व्रण पुढे फार सजवले गेले, त्यांची भीषणता कमी झाली. परंतु त्या एका प्रसंगामुळे पुनरुत्थान आणि विस्मरण यांची फारकत झाली. जे घडले ते पुसून नव्हे, तर ते बरोबर घेऊनच उठायचे आहे.

याच कसोटीवर ख्रिस्ती समाजाचीही परीक्षा व्हायला हवी. सर्व मृत एकत्र उठतील असे मानणाऱ्या समाजाने त्यांना एकत्र पुरले का? तमिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्ती लोकांची दफनभूमी वेगळी राहिली. तिरुचिरापल्लीत एका दफनभूमीत तर मधोमध भिंत उभी राहिली. शेवटच्या दिवशी ती भिंत कोणत्या बाजूने ओलांडायची, हा प्रश्न तिथल्या दलितांनी धर्मगुरूंना विचारला नसेल असे मानणे कठीण आहे. दुसरीकडे, बाहेरचा समाजही जमीन नाकारतो. जानेवारी 2025 मध्ये छत्तीसगढच्या बस्तर भागातील एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचा मृतदेह गावात पुरू दिला जाईना म्हणून जवळजवळ तीन आठवडे शवागारात पडून होता. मुलगा सर्वोच्च न्यायालयात गेला. दोन न्यायमूर्तींची मते भिन्न झाली. अखेर मृतदेह अधिक ताटकळू नये म्हणून वीसएक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरण्याचा आदेश निघाला. त्या मुलाचे मागणे पूर्वजांशेजारच्या सहा फूट जागेएवढे होते. त्यात परलोकाचे काही नव्हते.

पुरावे की जाळावे, हा वाद स्वतःत गौण आहे. कॅथलिक चर्चने दीर्घकाळ दहनाला मनाई केली, कारण दहन म्हणजे पुनरुत्थानाचा इन्कार अशी समजूत होती. 1963 मध्ये ती मनाई उठली, आणि 2016 मध्ये रक्षा उधळू नये, घरात ठेवू नये, पवित्र जागीच ठेवावी असे सांगण्यात आले. राखेतून देह उठवणे मातीतून उठवण्यापेक्षा ईश्वराला अवघड नसावे. मुंबईच्या जुन्या दफनभूम्यांत तर जागाच नाही. काही वर्षांनी कबर उघडतात, उरलेल्या अस्थी काढतात, आणि भिंतीतल्या लहानशा कोनाड्यात नाव लिहून ठेवतात. म्हणजे ख्रिस्ती घरालाही सावडावे लागतेच; फक्त तिसरा दिवस तिथे काही वर्षांनी उजाडतो.

वसईच्या पट्ट्यात पवित्र शनिवारच्या रात्री चर्चमधले सगळे दिवे मालवलेले असतात. गुरुवारपासून घंटा मुकी असते, वेदी उघडी असते. बाहेर अंगणात नवा अग्नी पेटतो. त्यावर एक मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर चालू सालाचे चार अंक कोरलेले असतात आणि धुपाचे पाच दाणे खोचलेले असतात, पाच घावांचे. ती काळोखात पुढे जाते, आणि एकेका हातातली लहान मेणबत्ती तिच्यावरून पेटत जाते. मंदिरात बसलेल्यांपैकी कोणाच्या घरी गेल्या वर्षात कोण गेले हे शेजाऱ्याला ठाऊक असते. प्रार्थना मराठीत असतात. योहानच्या शुभवर्तमानात मग्दालिया मरीयेची गोष्ट आहे: तिने उठलेल्या ख्रिस्ताला प्रथम पाहिले तेव्हा ओळखले नाही, तिला तो माळी वाटला. वाड्या शिंपण्यात पिढ्या गेलेल्या त्या लोकांना या चुकीत नवल वाटत नाही.

मध्यरात्र उलटल्यावर माणसे घरी जातात. काहींना झोपायला सवड नसते. चैत्राच्या त्या दिवसांत मोगऱ्याला बहर असतो, आणि मोगरा उन्हे यायच्या आत खुडावा लागतो. बाया कंदील घेऊन वाडीत उतरतात, कळ्या टोपलीत पडत जातात, आणि पहाटेच्या गाडीने टोपल्या दादरच्या फुलबाजाराकडे निघतात. त्यांतली फुले कोणत्या देवळात चढतील, कोणाच्या वेणीत माळली जातील, कोणाच्या तिरडीवर पडतील, हे खुडणारीला माहीत नसते.